जीवशास्त्रातले आडवळणी शब्द: उच्चार कसा करायचा, अर्थ काय

निशिगंधा (धागाकर्ती)

मी तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवते. अकरावीला येणारी बरीच मुलं मराठी माध्यमाची असतात, दहावीपर्यंत तंतुकणिका, हरितलवक, रंध्रीय प्राणी, कंटकचर्मी प्राणी असं सगळं छान शिकलेली, आणि कॉलेज सुरू झालं की अख्खं पुस्तक इंग्रजी. वाचून त्यांना कळतं बरं का, पण वर्गात तोंड उघडत नाहीत कारण शब्द म्हणायचा कसा तेच माहीत नसतं. एखाद्याने 'क्निडारिया' म्हटलं की मागच्या बाकावर खुसखुस होते आणि ते पोर परत कधी हात वर करत नाही. मला हे फार लागतं, कारण खरं तर या शब्दांच्या बाबतीत मराठी माध्यमाची मुलं पुढे असायला हवीत. कसं ते खाली येईलच. तुम्हाला अडलेले शब्द टाका, माहीत असलेले सांगा.

सुरुवात मी करते. ग्रीकमधून आलेल्या शब्दाच्या सुरुवातीला पीटी, पीएस, पीएन, सीएन, सीटी, जीएन असं जोडाक्षर असेल तर इंग्रजीत पहिलं अक्षर म्हणत नाहीत. म्हणून टेरिडोफायटा, म्हणजे नेचेवर्गीय वनस्पती, ग्रीक टेरिस म्हणजे नेचाच. टायलिन, लाळेतलं विकर. स्युडोपोडिया, अमीबाचे छद्मपाद. नायडेरिया, यातलं क्नीडे म्हणजे अंगाला लागली की आग होते ती खाजरी वनस्पती, आणि जेलीफिशचा दंश ज्याला झालाय त्याला हे नाव वेगळं समजवावं लागत नाही. टिनोफोरा, यात कंगवा आहे, या प्राण्यांच्या अंगावर बारीक केसलांच्या कंगव्यासारख्या पट्ट्या असतात. नॅथोस्टोमाटा, नॅथोस म्हणजे जबडा आणि स्टोमा म्हणजे तोंड.

पण तेच जोडाक्षर शब्दाच्या मधे आलं की पहिलं अक्षर बोलायला लागतं. मोठ्या वटवाघळाची प्रजाती टेरोपस, इथे पी गप्प, आणि वटवाघळांचा अख्खा गण कायरॉप्टेरा, इथे पी स्पष्ट. दोन्हीकडे शब्द एकच, प्टेरॉन, पंख. हेलिकॉप्टरमध्ये तोच आहे, हेलिक्स म्हणजे मळसूत्र आणि पुढे प्टेरॉन. एवढं लक्षात आलं की कीटकांचे गण पाठ करावे लागत नाहीत, लेपिडॉप्टेरा म्हणजे खवले असलेले पंख (फुलपाखरं), कोलिऑप्टेरा म्हणजे म्यानासारखे पंख (भुंगे), डिप्टेरा दोन पंखांचे (माश्या, डास), हायमेनॉप्टेरा पडद्यासारखे पंख (मधमाश्या, गांधीलमाश्या).

ओंकार_अकरावी

मॅडम खूप गरज होती या धाग्याची. माझे दोन प्रश्न, मायटोसिस बरोबर पण दुसरा शब्द कोणी मिऑसिस म्हणतं कोणी मेयोसिस व्हिडिओत मायोसिस ऐकलं, नक्की काय? आणि झायलेम का एक्सायलेम?

निशिगंधा

ओंकार, मायोसिस. 'यो' वर जोर. झायलेम, कारण सुरुवातीचा एक्स इंग्रजीत झ होतो, झायलोफोन वाद्यासारखाच, आणि दोन्हीत झायलॉन म्हणजे लाकूड आहे. जोडीचा शब्द फ्लो-एम असा दोन तुकड्यांत म्हण, 'फ्लोम' नको. तो झाडाच्या सालीवरून आलाय. हे दोन्ही शब्द नेगेली या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने 1858 मध्ये आणले. आपल्याकडे जलवाहिन्या आणि रसवाहिन्या म्हणतात, म्हणजे ग्रीक शब्द कुठे सापडतं ते सांगतो आणि मराठी शब्द काय वाहतं ते सांगतो, दोन्ही शेजारी ठेवले की अर्धा धडा झाला.

आता मायटोसिस. फ्लेमिंगने 1882 मध्ये हा शब्द दिला (पेनिसिलिनवाले फ्लेमिंग वेगळे, हे वाल्थर फ्लेमिंग). मिटोस म्हणजे धागा, विभाजनाच्या वेळी केंद्रकात धाग्यासारखं काहीतरी दिसलं म्हणून. तू दहावीत काय शिकलास? सूत्री विभाजन. सूत्र म्हणजे धागा! मग मायटोकॉन्ड्रिया घे, बेंडाने 1898 मध्ये ठेवलेलं नाव, मिटोस धागा आणि कॉन्ड्रिऑन म्हणजे बारीक कण. तंतु अधिक कणिका. तुला ग्रीक शब्दाचा अर्थ आधीच पाठ होता, फक्त तो त्याचा अर्थ आहे हे कोणी सांगितलं नव्हतं.

आणि मायोसिसला ग्रीकमध्ये नुसतं 'कमी होणं' एवढाच अर्थ आहे. फार्मर आणि मूर यांनी 1905 मध्ये तो वापरात आणला. काय कमी होतं, किती कमी होतं, काही पत्ता नाही. मराठी अर्धगुणसूत्री विभाजन म्हणजे गुणसूत्रं अर्धी होतात हे नावातच. इथे माझ्या मते मराठी शब्द मूळ शब्दापेक्षा सरस आहे आणि मी वर्गात तसं ठासून सांगते.

गावडॉक्टर

मायोसिसवरून आठवलं, मेडिकलला जाणाऱ्यांनी इथे जपून. अगदी हाच उच्चार असलेला दुसरा शब्द आहे, स्पेलिंग वेगळं (एम नंतर नुसता आय), अर्थ डोळ्याची बाहुली बारीक होणं. शेतात फवारणी करताना ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकाची विषबाधा झालेला पेशंट येतो तेव्हा आम्ही पहिल्यांदा टॉर्च मारून तेच बघतो, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालेली असते. आणि तिसरा शब्द मायायसिस, हा ग्रीक 'माशी' पासून, म्हणजे जखमेत माश्यांच्या अळ्या होणं, गावात म्हणतात जखमेत किडे पडले. तिन्ही शब्द पटकन म्हटले की कानाला सारखेच, तिन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही.

असंच इलियम. उच्चार एक, वस्तू दोन. एक खुब्याचं रुंद हाड आणि एक लहान आतड्याचा शेवटचा भाग. इंग्रजीत एका अक्षराचा फरक, आतड्याच्या स्पेलिंगमध्ये मधे ई, हाडात आय. मराठीत आतड्याच्या भागाला शेषांत्र म्हणतात, उरलेलं आतडं, गोंधळाला जागाच नाही. युरीटर आणि युरीथ्राही मुलं उलटसुलट करतात, मूत्रवाहिनी मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे जाते आणि मूत्रमार्ग तिथून बाहेर, हे मराठीतून डोक्यात बसवा आणि मग इंग्रजी नाव चिकटवा.

माडबागेतून

आम्ही शेतकरी पण वाचतोय हां. कृषी विद्यापीठाच्या पत्रकात किडीचं नाव शास्त्रीय भाषेत असतं आणि ते कोणी म्हणून दाखवत नाही. नारळावर येतात त्यातला एक ऑरिक्टिस ऱ्हायनोसेरॉस, तो कळला, आम्ही त्याला गेंड्या भुंगाच म्हणतो, डोक्यावर शिंग. दुसरा आमचा सोंड्या भुंगा, त्याचं नाव आर-एच-वाय-एन-सी-एच असं काहीतरी सुरू होतं. कसं म्हणायचं आणि त्याचा अर्थ काय?

निशिगंधा

काका, रिंकोफोरस. आर नंतरचा एच म्हणायचा नाही. रिंकोस म्हणजे सोंड किंवा चोच, फोरोस म्हणजे बाळगणारा. सोंड बाळगणारा, म्हणजे सोंड्या! तुमच्या आजोबा-पणजोबांनी आणि शास्त्रज्ञांनी त्या भुंग्याकडे बघून एकच गोष्ट हेरली. आणि ऑरिक्टिस म्हणजे खणणारा, माडाच्या कोंबात शिरून भोकं पाडतो त्यावरून अगदी शोभतं.

संत्री_वरूड

आमच्याकडचे दोन घ्या मग. सिट्रस सिला, कोणी सायला म्हणतात, पीएस ने सुरू, वरच्या नियमाने पी गप्प. ग्रीकमध्ये पिसू, आणि खरंच ते बारकं किडं पिसवासारखं उडी मारतं. दुसरं नाव ज्याने आमच्या भागातल्या बागाच्या बागा बसल्या, डिंक्या रोग, खोडातून डिंक गळतो आणि झाड वाळत जातं, त्याच्या बुरशीसारख्या जीवाचं नाव फायटोफ्थोरा. पीएच आणि टीएच एकापाठोपाठ आले की लोक घाबरून फायटोप्थोरा, फायटोथोरा काहीही म्हणतात. माझ्या मुलीने सांगितलं फायटॉन म्हणजे वनस्पती आणि फ्थोरा म्हणजे नाश. झाडाचा नाश, एवढं सरळ नाव आहे. ते कळल्यापासून मी विसरलो नाही.

शब्दार्थी

+१ संत्री_वरूड, आणि तुमच्या 'फ्थ' वरच मला बोलायचंय कारण यात मराठी माणसाला जो फायदा आहे तो इंग्रजाला नाही.

इंग्रजीत पीएच, टीएच, सीएच का लिहितात? कारण प्राचीन ग्रीकमध्ये हे तीन वेगळे महाप्राण उच्चार होते, आपले फ, थ, ख. रोमन लोकांकडे त्यासाठी अक्षर नव्हतं म्हणून त्यांनी प, त, क च्या पुढे एच जोडला. इंग्रजी बोलणाऱ्याला हे समजावून सांगावं लागतं, आपण बाराखडीतच शिकतो. म्हणून बायोलॉजीत ग्रीक सीएच दिसला की तो कधीच 'च' नसतो, क म्हणा, मुळात तो ख होता. जठरातून बाहेर पडणारा अर्धवट पचलेला लगदा काइम, चाइम नव्हे. क्लॅमिडोमोनास, क्लोरोफिल, कॉन्ड्रिया सगळीकडे तेच.

त्याच्याही पुढे जाऊन, कितीतरी ग्रीक शब्द आणि आपले संस्कृत शब्द एकाच मुळातून आलेले आहेत, म्हणजे नुसतं भाषांतर नाही, सख्खं नातं. ऑक्टोपस घ्या, ऑक्टो आणि अष्ट एक, पूस/पोड आणि पाद एक, म्हणजे अष्टपाद हे ऑक्टोपसचं भावंडच. आर्थ्रोपोडा संधिपाद, तिथेही तोच पाद. ऑस्टिऑन आणि अस्थि. ओडोंट आणि दंत. हेपार आणि यकृत, कानाला पटत नाही पण भाषाशास्त्रात हे नातं पक्कं मानतात, हिपॅटायटिस यातूनच. प्टेरॉन आणि संस्कृत पत्र, पत्र म्हणजे आधी पंख, मग पान, मग चिठ्ठी. योहान्सेनने 1909 मध्ये जीन शब्द दिला तो ज्या मुळातला त्याच मुळातला आपला जन्, म्हणून जनुक.

काही शब्द तर इथूनच तिकडे गेले. शर्करेचं ग्रीकमध्ये साक्खारॉन झालं, त्यावरून यीस्टचं नाव सॅकरोमायसीस, साखरेची बुरशी. पिप्पलीचं पाइपर झालं. आल्याचं झिंजिबर हे शृंगवेर.

मंदार_इंदूरकर

घरी मराठी, शाळा हिंदी, आता पुण्यात बीएस्सी करतोय, आणि माझा गोंधळ तुमच्यापैकी कोणाचा झाला नसेल असा आहे. मी शाळेत कोशिका शिकलो, इथे कोशिकेला पेशी म्हणतात. पण हिंदीत पेशी म्हणजे मसल! मसलला इथे स्नायू म्हणतात, आणि हिंदीच्या पुस्तकात स्नायु म्हणजे दोन हाडं बांधणारा लिगामेंट, ज्याला मराठीत अस्थिबंध. टेंडनला आम्ही कंडरा म्हणायचो, इथे स्नायुरज्जू. पहिल्या सेमिस्टरला मराठीतले नोट्स वाचताना 'स्नायू पेशी' असं वाचलं की मला लिगामेंट-मसल असं काहीतरी दिसायचं. माझी रूममेटशी यावर रोज चर्चा व्हायची, ती कोलकात्याच्या मित्राने आणखी वाढवली कारण बंगालीत स्नायु म्हणजे नर्व्ह. असं कसं झालं हे कोणी सांगेल का?

शब्दार्थी

मंदार, फार मोलाचा प्रश्न. संस्कृतात स्नायु, स्नावन् म्हणजे शरीरातली चिवट दोरी, कंडरा म्हणा, धनुष्याची दोरीही त्याचीच करत. हीच दोरी ग्रीकमध्ये न्यूरॉन, तोच शब्द, सुरुवातीचा स गळालेला. ग्रीकांनाही आधी न्यूरॉन म्हणजे कंडराच, धनुष्याची दोरीही. पांढरी चिवट दोरी दिसली की तिला हे नाव, मग नंतरच्या शरीरशास्त्रज्ञांनी वेगळं काढलं की यातल्या काही दोऱ्या हाडं बांधत नाहीत, त्या मेंदूकडे जातात, आणि न्यूरॉन हा शब्द त्यांच्याकडे राहिला. म्हणजे बंगालीने जे केलं तेच ग्रीकने केलं होतं. हिंदी मूळ अर्थाजवळ थांबली. मराठीत दोरीपासून ती दोरी ओढणाऱ्या मांसाकडे अर्थ सरकला.

त्यामुळे मराठीत स्नायू आणि इंग्रजीत न्यूरॉन ही एकाच घरातली दोन माणसं आज दोन टोकांना आहेत, एक आज्ञा देतो आणि एक ती पाळतो.

चेतापेशी_फॅन

वाचतेय. शेवटची ओळ वहीत लिहून घेतली.

स्पष्टवक्ता

सगळं रंजक आहे, पण मी विरोधी मत मांडतो. आंतर्द्रव्यजालिका, अर्धसमपृष्ठरज्जू, दृश्यकेंद्रकी, हे शब्द कुठल्या घरात बोलतात? मराठी मुलाला हेही परकेच आणि इंग्रजीही परकेच, म्हणजे दोनदा पाठांतर. माझ्या पुतणीने नीटची तयारी करताना सगळे मराठी शब्द सोडून दिले आणि तिला हायसं वाटलं. शास्त्र जगात ज्या शब्दांत चालतं त्याच शब्दांत पहिल्यापासून शिकवा.

निशिगंधा

तुमच्या पुतणीसारख्या मुली मी दरवर्षी बघते, त्यामुळे तुमचं म्हणणं उडवून लावणार नाही. काही शब्द खरंच जड आहेत. अर्धसमपृष्ठरज्जू म्हणताना माझीही जीभ अडते आणि तिथे मी हेमिकॉर्डेटाच म्हणते.

पण 'दोनदा पाठांतर' का होतं? कारण दोन्ही शब्द न फोडता दिले जातात. आंतर्द्रव्यजालिका फोडा, आतल्या द्रव्यातली जाळी. एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम फोडा, एंडो आत, प्लाझ्म द्रव्य, रेटिक्युलम म्हणजे लॅटिनमध्ये छोटी जाळी. तुकड्याला तुकडा जुळतो. रिक्तिका आणि व्हॅक्यूओल, दोन्हीत रिकामं. दृश्यकेंद्रकीच्या जागी युकॅरिओट, यु म्हणजे खरं, चांगलं, आणि कॅरिऑन म्हणजे आठळी, गर. इथे मराठी शब्दाने वेगळी वाट घेतली, केंद्रक स्पष्ट दिसतं असं सांगितलं, आणि पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघणाऱ्या मुलाला तेच तर करायचं असतं. 1960 मध्ये भाषा संचालनालय झालं, परिभाषा कोश निघाले, ते करणाऱ्या लोकांनी प्रत्येक शब्द हातात घेऊन उलटून पाहिला होता. ते काम आपल्या मुलांना फुकटात मिळतंय तर का सोडायचं? नीटला इंग्रजी शब्द लागणार, मान्यच, मीही परीक्षेला तेच लिहायला सांगते. पण ज्याला जालिका माहीत आहे त्याला रेटिक्युलम एकदाच सांगावं लागतं, असा माझा वर्गातला अनुभव आहे.

स्पष्टवक्ता

फोडून शिकवत असाल तर हरकत नाही. आम्हाला कोणी फोडून शिकवलं नाही.

रानवाटा

रानफुलांकडे पण वळू या. कासला किंवा हरिश्चंद्रगडावर गेलं की लोक बोट दाखवून नाव विचारतात आणि शास्त्रीय नाव सांगताना ग्रुपमधला जाणकारही पुटपुटतो. मोठ्याने म्हणा हो. सेरोपेजिया, आपलं कंदीलपुष्प, मेणाचं कारंजं असा अर्थ, फूल जवळून बघितलंत तर पटेल. स्ट्रोबिलँथिस म्हणजे कारवी, सात वर्षांनी फुलते ती, शंकूसारख्या कणसातलं फूल. युट्रिक्युलॅरिया, सीतेची आसवं, नावातलं युट्रिक्युलस म्हणजे लहानशी पिशवी, कारण जमिनीखाली याच्या बारक्या पिशव्या किडे पकडतात. ड्रॉसेरा, दवबिंदू, ग्रीकमध्येही दवाने भिजलेलं. प्रयोगशाळेतली ड्रॉसॉफिला माशी आहे ना, तिच्यातलंही दव तेच, दवावर प्रेम करणारी.

महाराष्ट्राची मानचिन्हं म्हणून बघा. ताम्हण लॅगरस्ट्रोमिया स्पेसिओसा, लिनियसने आपल्या लागरस्ट्रोम नावाच्या स्वीडिश मित्रावरून ठेवलेलं. 2015 ला राज्य फुलपाखरू झालेलं ब्लू मॉर्मन, पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर. 2020 ला पांढरी चिप्पी राज्य कांदळवन वृक्ष झाली, सोनेरेशिया आल्बा, पीएन ने सुरू होणारे न्युमॅटोफोर (हवा घेणारी मुळं) बघायचे तर तिच्याच बुडाशी भरती ओसरल्यावर चिखलातून वर आलेले दिसतात. हरियाल ट्रेरॉन फीनिकॉप्टेरस, मधे प्टेरॉन आहे म्हणून पी म्हणायचा.

एक प्रश्न मलाच, सेरोपेजिया का केरोपेगिया? परदेशी बागकामवाले दोन्ही म्हणताना ऐकलेत.

निशिगंधा

दोन्ही चालतं. नामकरणाचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत ते स्पेलिंग बांधून घालतात, उच्चाराची सक्ती करत नाहीत. इंग्रजी वळणाने ई, आय, वाय किंवा ओई च्या आधीचा सी स होतो म्हणून सेरोपेजिया, शब्दाशेवटी येणारं साइट (पेशी), सीलोम (शरीरगुहा). युरोपात कुठे क ऐकाल. आपल्याकडे इंग्रजी वळण रुळलंय, ते धरा, पण दुसऱ्याने क म्हटलं म्हणून त्याला हसू नका.

ओंकार_अकरावी

मॅडम अजून एक, हत्तीरोगाच्या जंताचं नाव डब्ल्यू-यू-सी-एच. वुचेरेरिया म्हणू का? वर सांगितलं सीएच नेहमी क. आणि ॲल्गी की ॲल्जी?

निशिगंधा

ते नाव ग्रीक नाही, माणसाचं आहे, ओटो वुखरर या ब्राझीलमध्ये काम केलेल्या डॉक्टरांचं, त्यांनी 1866 मध्ये रुग्णाच्या लघवीत हे सूक्ष्म जंत पाहिले. आडनाव जर्मन, म्हणून सीएच ख कडे झुकतो. वुकरेरिया किंवा वुखरेरिया म्हण. माणसाच्या नावावरून आलेला शब्द असला की आधी ते माणूस आपलं नाव कसं म्हणत असेल ते बघायचं. जंताचं पूर्ण नाव वुकरेरिया बँक्रॉफ्टाय, त्यातले बँक्रॉफ्ट ऑस्ट्रेलियात काम करणारे डॉक्टर. ई कोलायचं पूर्ण नाव एशेरिकिया कोलाय, 1885 मध्ये हा जिवाणू शोधणारे थिओडोर एशेरिख.

ॲल्जी आणि ॲल्गी दोन्ही ऐकू येतं, ॲल्जी जास्त. पण ते अनेकवचन आहे, एकच असेल तर ॲल्गा. तसंच एक बॅक्टेरियम, अनेक बॅक्टेरिया, एक मायटोकॉन्ड्रिऑन, अनेक मायटोकॉन्ड्रिया. पानावरचं एक छिद्र स्टोमा, अनेक स्टोमॅटा, आणि हा स्टोमा वरच्या नॅथोस्टोमाटातलाच, तोंड.